फेनवे पार्कवर बेसबॉलचा सामना कसा पाहावा : तिकिटापासून परतीच्या गाडीपर्यंत

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला, आणि उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या त्याच्या आईवडिलांनाही, बेसबॉलच्या सामन्याचे आमंत्रण कधी ना कधी मिळतेच. क्रिकेटवर पोसलेल्या नजरेला हा खेळ टीव्हीवर बहुधा संथ आणि एकसुरी वाटतो. त्याला कारणही आहे. टीव्हीचा कॅमेरा बहुतेक वेळ चेंडू फेकणारा पिचर, समोरचा बॅटर आणि त्याच्यामागे बसलेला कॅचर एवढेच दाखवतो. उरलेले सात क्षेत्ररक्षक चौकटीबाहेर राहतात. खेळाचा निम्मा विचार तर त्या सातजणांच्या पायांत असतो. कोण दोन पावले पुढे आला, कोण रेषेकडे सरकला, चेंडू दुसरीकडे जात असताना कोण कुठे धावला, हे फक्त मैदानावर दिसते. म्हणून बेसबॉल मैदानावर जाऊनच पाहावा असे माझे ठाम मत आहे, आणि पुढचे बहुतेक सल्ले संपूर्ण मैदान एका नजरेत यावे या एका हेतूने दिले आहेत.

उदाहरणासाठी बॉस्टनचे फेनवे पार्क घेतले आहे. रेड सॉक्स संघाचे हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले आणि मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत आज वापरात असलेले ते सर्वांत जुने मैदान आहे. शहराच्या जुन्या रस्त्यांमध्ये ते कोंबून बसवलेले असल्याने त्याचा आकार वेडावाकडा आहे. येथे जागेची निवड चुकली तर सामना अर्धाच दिसतो आणि साधली तर इतर कुठल्याही मैदानापेक्षा जवळून दिसतो.

सामना कोणता निवडावा

मेजर लीगचा नियमित हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरच्या अखेरीस संपतो. प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि त्यांतील ८१ घरच्या मैदानावर होतात. एकाच पाहुण्या संघाशी बहुधा लागोपाठ तीन किंवा चार सामने असतात. त्यामुळे पहिल्या भेटीसाठी मोठ्या चुरशीचा सामना धरून बसण्याची गरज नसते. न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचे सामने आणि शनिवार-रविवारचे सामने महाग असतात, कारण तिकिटांचे दर मागणीप्रमाणे बदलत राहतात. मे, जून किंवा सप्टेंबरमधील मंगळवार ते गुरुवारचा सामना खिशाला परवडतो, गर्दी बेताची असते आणि जागेची निवडही करता येते. एप्रिलमध्ये तिकिटे स्वस्त दिसतात खरी, पण बॉस्टनमधली एप्रिलची रात्र म्हणजे जाड जाकीट, टोपी आणि हातमोज्यांची रात्र होय. वडीलधारे बरोबर असतील तर तो मोह टाळावा.

एप्रिलमधला एक दिवस मात्र अपवाद आहे. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डेची सुट्टी असते. त्या दिवशी फेनवेवरचा सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि त्याच दिवशी बॉस्टन मॅरेथॉनही असते. सामना संपवून बाहेर आलेल्या प्रेक्षकाला जवळच्या केनमोर चौकात शेवटचा मैल धावणारे स्पर्धक भेटतात. शहराला या दोन्ही गोष्टींचा किती अभिमान आहे हे पाहायचे असेल, तर या दिवसासारखा दिवस नाही.

तिकीट शक्यतो संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा मेजर लीगच्या ‘बॉलपार्क’ ॲपवरून घ्यावे. स्टबहब, सीटगीक यांसारख्या पुनर्विक्रीच्या ठिकाणी, विशेषतः आठवड्यातल्या दिवशी, सामना जवळ येईल तसे दर अनेकदा उतरतात. मे २०२५ पासून लागू झालेल्या संघराज्य नियमामुळे सर्व शुल्क धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे दोन ठिकाणच्या दरांची तुलना आता सरळ करता येते. विद्यार्थ्यांनी सवलतीच्या तिकिटांची चौकशी अवश्य करावी.

जागा कुठे घ्यावी

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. नवखा प्रेक्षक बहुधा मैदानाच्या जितके जवळ तितके चांगले असे समजून पैसे घालतो. पहिल्या काही रांगांत बसल्यावर खेळाडूंचे चेहरे दिसतात, त्यांचे बोलणेही कानावर येते. पण डोळे जमिनीच्या पातळीच्या फार जवळ असल्याने उंच उडालेला चेंडू नेमका किती दूर चालला आहे याचा अंदाज येत नाही, आणि आउटफिल्डमधील, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातील, तिघांमधले अंतर कळत नाही. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी उत्तम जागा म्हणजे होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागची किंवा तेथून तिसऱ्या बेसपर्यंतची, थोडी उंचावरची. धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायच्या थांब्यांना बेस म्हणतात. तेथून पिचरच्या चेंडूचे वळण दिसते आणि नऊच्या नऊ क्षेत्ररक्षक एका दृष्टिक्षेपात येतात.

फेनवेमध्ये या सल्ल्याला एक मोठी अट आहे. ग्रँडस्टँड या विभागाचे छत लोखंडी खांबांवर उभे आहे आणि ते खांब प्रेक्षकांच्या मधोमध येतात. खांबामागची जागा मिळाली तर कधी पिचर, कधी होम प्लेट त्याच्या आड जाते आणि सारा वेळ मान वाकडी करून बसावे लागते. दृष्टी अडणाऱ्या जागांची नोंद तिकीट विकताना केलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचे छायाचित्र उपलब्ध असल्यास तेही पाहावे. ग्रँडस्टँडच्या अगदी शेवटच्या रांगांत दुसरी अडचण येते. डोक्यावरचे छत इतके खाली असते की उंच उडालेला चेंडू मध्येच दिसेनासा होतो आणि क्षेत्ररक्षकाच्या चेहऱ्यावरूनच तो कुठे आहे हे ओळखावे लागते. मधल्या रांगा सर्वांत बऱ्या.

उजव्या बाजूच्या, म्हणजे राइट फील्डकडील, कमी क्रमांकाच्या विभागांतील खुर्च्या होम प्लेटकडे तोंड करून नाहीत. मैदान ज्या काळात आणि ज्या जागेत बांधले गेले त्याचा हा परिणाम आहे. तेथे अडीच तास मान डावीकडे वळवून बसावे लागते आणि संध्याकाळचे ऊन थेट डोळ्यांवर येते. मानेचा त्रास असलेल्यांनी हे विभाग टाळावेत. तिसऱ्या बेसच्या बाजूला सूर्य पाठीशी जातो, त्यामुळे दुपारच्या सामन्यात तेथे सावली लवकर येते. मधल्या आउटफिल्डमागच्या ब्लीचर्स या उघड्या जागा स्वस्त आणि उत्साही लोकांच्या आहेत. पण जुलैच्या दुपारी तेथे टोपी, उन्हाचे मलम आणि पाणी यांशिवाय बसू नये. ग्रँडस्टँडमधल्या निळ्या लाकडी खुर्च्या फार जुन्या आणि अरुंद आहेत, रांगेतून ये-जा करायला जागा थोडी आहे. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांसाठी रांगेच्या टोकाची, पायऱ्यांलगतची जागा घ्यावी. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी ते कारणी लागतात.

डाव्या बाजूची उंच हिरवी भिंत, म्हणजे ग्रीन मॉन्स्टर, हे या मैदानाचे वैभव आहे. २००३ मध्ये तिच्या माथ्यावर आसने बसवली गेली. ती महाग असतात, लवकर संपतात, आणि तेथून भिंतीच्या पायथ्याशी घडणारा खेळ दिसत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने भिंतीवर बसण्यापेक्षा भिंत दिसेल अशा जागी बसावे.

मैदानापर्यंत

गाडी घेऊन जाऊ नये. आसपासचे वाहनतळ सामन्याच्या दिवशी अवाच्या सवा पैसे घेतात आणि बाहेर पडायला पुष्कळ वेळ लागतो. शहराच्या मेट्रोच्या ग्रीन लाइनवरील बी, सी किंवा डी शाखेच्या गाडीने केनमोर स्थानकावर उतरावे आणि लोकांच्या लोंढ्याबरोबर ब्रुकलाइन ॲव्हेन्यूच्या पुलावरून चालत जावे. रस्ता विचारावा लागत नाही. ई शाखेची गाडी केनमोरला जात नाही, हे चढण्यापूर्वी लक्षात ठेवावे. वुस्टर, फ्रेमिंगहॅमकडून उपनगरी गाडीने येणाऱ्यांना लॅन्सडाउन स्थानक मैदानाला अगदी लागून आहे.

पिशवीचा आकार, बाहेरचे खाणे आणि पाण्याची बाटली यांचे नियम मैदानागणिक वेगळे असतात आणि अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या दिवशी संघाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. मोठी पाठपिशवी घेऊन जाणे कुठेच शहाणपणाचे नाही. तिकीट फोनवरच असते. दारापाशी हजारो लोक एकाच वेळी फोन उघडत असल्याने नेटवर्क रेंगाळते; तिकिटे घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये घालून ठेवावीत आणि बरोबरच्या प्रत्येकाला त्याचे त्याचे तिकीट आधीच पाठवावे. आतल्या दुकानांत कार्ड लागते, रोख रकमेवर विसंबू नये.

पहिल्या चेंडूपूर्वीचा तासभर

सामन्याच्या किमान एक तास आधी आत असावे. पाहुण्या संघाचा फलंदाजीचा सराव चालू असेल तर तो पाहावा, कारण आउटफिल्डमधील जागांकडे चेंडू येतात आणि लहान मुलांना तेव्हाच एखादा मिळण्याची शक्यता असते. त्यानंतर आपल्या जागेवर न बसता मैदानाभोवती एक फेरी मारावी.

डावीकडची भिंत ३७ फूट २ इंच, म्हणजे सुमारे ११.३ मीटर उंच आहे आणि होम प्लेटपासून डाव्या फाउल रेषेवर (वैध फटक्याच्या सीमारेषेवर) केवळ ३१० फुटांवर आहे. तिच्या पायथ्याशी असलेला गुणफलक आजही हाताने चालवला जातो. आकडे लिहिलेल्या पाट्या लावणारी माणसे भिंतीच्या आत बसलेली असतात. फलकावरच्या पांढऱ्या उभ्या पट्ट्यांत बारीक ठिपके आणि रेघा दिसतील. दीर्घकाळ संघाचे मालक असलेले टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची ती मोर्स संकेतांतील आद्याक्षरे आहेत. उजवीकडे, विभाग ४२, रांग ३७ मधील २१ क्रमांकाची खुर्ची तेवढी लाल आहे. ९ जून १९४६ रोजी रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा होम रन, म्हणजे थेट सीमेपार गेलेला फटका, तेथे एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर येऊन पडला होता. त्या खुर्चीपाशी उभे राहून होम प्लेटकडे पाहिले म्हणजे त्या फटक्याची ताकद समजते. आकडा वाचून ती समजत नाही.

गुणनोंदीची वही

नवख्याने पहिल्याच सामन्यात गुणनोंद करावी, असा माझा आग्रह आहे. नोंद करणारा माणूस प्रत्येक चेंडूला जागा राहतो आणि क्षेत्ररक्षकांकडे आपोआप पाहू लागतो. छापील गुणपत्रिका मैदानावर मिळते. साध्या वहीत नऊ आडव्या ओळी आणि नऊ उभे रकाने आखले तरी चालते. ओळीत बॅटरचे नाव, रकान्यात इनिंग.

जागांचे क्रमांक ठरलेले आहेत: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला), ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर फील्ड, ९ राइट फील्ड. खेळाडूच्या शर्टावरील क्रमांकाशी यांचा संबंध नाही. शॉर्टस्टॉपने जमिनीवरून आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात ६-३ लिहावे. सेंटर फील्डरने उंच झेल घेतला तर ८. तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा मारता येण्याजोगे असून सोडलेल्या चेंडूंवर, बाद झाल्यास रोमन लिपीतले ‘के’ हे अक्षर लिहितात, आणि तिसरा स्ट्राइक बॅटरने बॅट न फिरवता नुसता पाहिला असेल तर तेच अक्षर उलटे काढतात. एवढ्यावर पहिला सामना सहज निभावतो.

फेनवेवरचाच एक प्रसंग सांगतो, म्हणजे या वहीचे महत्त्व पटेल. २६ जून २०२४ रोजी टोरांटोविरुद्धचा सामना दुसऱ्याच इनिंगमध्ये पावसाने थांबला, तेव्हा टोरांटोचा डॅनी जॅन्सन बॅटिंग करत होता. पुढे त्याची बॉस्टनकडे बदली झाली. २६ ऑगस्टला तोच सामना पुढे सुरू झाला तेव्हा त्याच्या अर्धवट राहिलेल्या बॅटिंगसाठी टोरांटोने दुसरा खेळाडू पाठवला, आणि त्याच्यामागे कॅचर म्हणून बॉस्टनच्या गणवेशात स्वतः जॅन्सन बसला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला तो पहिला खेळाडू ठरला. त्या सामन्याच्या वहीत एकच नाव दोन्ही संघांच्या पानांवर येते.

खेळ चालू असताना काय पाहावे

नियमांची जुजबी माहिती पुरेशी आहे. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना प्रत्येकी तीन आउट होईपर्यंत संधी. बॅटर तीन स्ट्राइकवर बाद, तर चार बॉलवर (मारण्याच्या टप्प्याबाहेरून गेलेल्या आणि सोडलेल्या चेंडूंवर) त्याला पहिला बेस मोफत. हाताने चालणाऱ्या फलकावर हिरवे दिवे बॉलचे असतात आणि लाल दिवे स्ट्राइक व आउटचे. प्रत्येक चेंडूपूर्वी त्या दिव्यांकडे एकदा पाहण्याची सवय लावावी, कारण पुढे काय घडू शकते हे त्यांवरच ठरते. २०२६ च्या हंगामापासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर हात आपटून तत्काळ आव्हान देऊ शकतो. तसे दिसले की मोठ्या पडद्याकडे पाहावे.

आता खरी गोष्ट. पिचर चेंडू फेकण्याच्या तयारीत असताना त्याच्याकडे न पाहता इनफिल्डकडे, म्हणजे बेसभोवतीच्या भागाकडे, पाहावे. पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि दोनपेक्षा कमी आउट झाले आहेत असे समजा. शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसचा खेळाडू आपल्या नेहमीच्या जागेवरून काही पावले दुसऱ्या बेसकडे सरकलेले दिसतील. बॅटरने शॉर्टस्टॉपकडे जमिनीलगत चेंडू मारला की दुसऱ्या बेसचा खेळाडू चेंडू येण्याआधीच बेसकडे धावत सुटतो. शॉर्टस्टॉपने फेकलेला चेंडू तो छातीसमोर घेतो, बेसवर पाय टेकवतो, अंगावर घसरत येणाऱ्या धावपटूला चुकवत वळतो आणि पहिल्या बेसकडे फेकतो. बॅटरला ९० फुटांवरचा पहिला बेस गाठायला चार ते साडेचार सेकंद लागतात. तेवढ्यात दोघे बाद: वहीत ६-४-३. टीव्हीवर या सगळ्याचा शेवट दिसतो. मैदानावर त्याची पूर्वतयारी दिसते, आणि ती दिसू लागली की सामना कधी संथ वाटत नाही.

तसेच तिसऱ्या बेसवर धावपटू असताना इनफिल्डर पुढे येऊन उभे राहतात का, ते पाहावे. आले असतील तर एकही धाव द्यायची नाही असा संघाचा निर्धार आहे असे समजावे. चेंडू उजवीकडे मारला गेला की पिचर पहिल्या बेसकडे धावतो, आणि इतर बेस रिकामे असतील तर मागे बसलेला जाडजूड संरक्षक सामान घातलेला कॅचरसुद्धा पहिल्या बेसच्या मागे पळतो, कारण फेक हुकली तर चेंडू अडवायला कोणीतरी हवे. शंभरातून एखाद्याच वेळी त्याचा उपयोग होतो, तरी तो प्रत्येक वेळी धावतो. मला या खेळात याहून आदरणीय दुसरे काही वाटत नाही.

२०२३ पासूनच्या नियमांनी हे पाहणे अधिक रंजक केले आहे. पिचरला आता बेस रिकामे असताना १५ सेकंदांत आणि बेसवर धावपटू असताना १८ सेकंदांत चेंडू टाकण्यास सुरुवात करावी लागते. २०२२ मध्ये तीन तासांच्या वर गेलेली सामन्याची सरासरी लांबी २०२३ मध्ये २ तास ४० मिनिटांवर आली. धावपटूला रोखण्यासाठी पिचरला एका बॅटरमागे दोनदाच फेकण्याच्या पट्टीवरून पाय काढून घेता येतो आणि बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला आहे. साहजिकच बेस चोरण्याचे, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठण्याचे, प्रमाण वाढले: २०२२ मध्ये २,४८६, तर २०२३ मध्ये ३,५०३. म्हणून पिचरने दोन्ही संधी वापरल्या की धावपटूच्या पायांवर नजर ठेवावी.

फेनवेचा खास खेळ मात्र डाव्या भिंतीचा आहे. इतरत्र होम रन ठरणारा उंच चेंडू कधी भिंतीच्या वर जातो, कधी तिच्यावर आदळून परत येतो. घरचा अनुभवी लेफ्ट फील्डर चेंडूच्या मागे भिंतीपर्यंत धावत नाही. तो पाठ फिरवून, चेंडू कुठे उसळेल त्या जागी आधीच उभा राहतो आणि वळून दुसऱ्या बेसवर फेकतो. त्यामुळे भिंतीच्या माथ्याजवळ आदळलेल्या जोरदार फटक्यावरही बॅटरला कधी कधी पहिल्याच बेसवर थांबावे लागते. नवखा पाहुणा खेळाडू भिंतीला भिडतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे निघून जातो.

खाणे, वागणे आणि सातवी इनिंग

येथील प्रसिद्ध फेनवे फ्रँक हा मांसाचा हॉट डॉग आहे आणि मैदानावरच्या हॉट डॉगमध्ये गोमांस असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे; न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे. शाकाहारी माणसाला पिझ्झा, प्रेट्झेल, फ्रेंच फ्राइज आणि पॉपकॉर्न मिळतात. सर्वांत उत्तम म्हणजे भाजलेल्या शेंगा. फेरीवाला पिशवी लांबूनच नेमकी हातात फेकतो, आणि टरफले पायाशी टाकायला कोणी हरकत घेत नाही. पोटभर जेवण मात्र आधीच करून जावे, कारण आतले दर चढे असतात.

चेंडूचा खेळ चालू असताना उठून रांगेतून जाऊ नये. बॅटर बाद होईपर्यंत किंवा इनिंग संपेपर्यंत थांबावे. राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढून उभे राहावे. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळेल त्याचा असतो, पण जवळ लहान मूल असेल तर तो त्याला देण्याची सुंदर रीत आहे. कठड्यावरून वाकून चालू खेळातल्या चेंडूला हात लावू नये, त्यासाठी मैदानाबाहेर काढले जाते. सुरक्षाजाळी आता सर्व मैदानांवर डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या, पुढपर्यंत असते. तरी जाळीपलीकडच्या जागी मुलांना घेऊन बसल्यास फोन खाली ठेवून बॅटरकडे लक्ष ठेवावे.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सर्व प्रेक्षक उभे राहून १९०८ मध्ये लिहिलेले बेसबॉलचे गाणे म्हणतात, आणि आठव्याच्या मध्यावर फेनवेमध्ये नील डायमंडचे ‘स्वीट कॅरोलाइन’ लागते. तीसहजार लोक एका सुरात गात असताना शब्द येत नसले तरी उभे राहून टाळ्या द्याव्यात. शेजारचे अनोळखी लोक आपोआप सामील करून घेतात.

पाऊस आला तर लगेच निघून जाऊ नये. मैदानावर ताडपत्री अंथरली जाते आणि तासाभराने खेळ पुन्हा सुरू होणे नेहमीचे आहे. सामना पुढे ढकलला गेल्यास तिकिटाचे काय होईल ते संघ स्वतः कळवतो, म्हणून तिकीट फोनमधून काढून टाकू नये.

परतीचा प्रवास

शेवटचा आउट झाल्याबरोबर सगळे केनमोरकडे धावतात आणि स्थानकाच्या जिन्यावर मुंगीला शिरायला जागा उरत नाही. पंधरा-वीस मिनिटे जागेवरच बसून वही पूर्ण करावी, धावा, हिट्स आणि चुका यांच्या बेरजा फलकाशी ताडून पाहाव्यात, आणि मग उठावे. वडीलधारे बरोबर नसतील तर केनमोरऐवजी पुढे चालत हाइन्स कन्व्हेन्शन सेंटर स्थानक गाठता येते. लॅन्सडाउनहून उपनगरी गाडीने जाणाऱ्यांनी मात्र परतीच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी, कारण रात्री दोन गाड्यांमधले अंतर मोठे असते आणि सामना जादा इनिंगमध्ये गेला तर दहाव्या इनिंगला उठायचे की पुढच्या गाडीची वाट पाहायची, हे आधी ठरवलेले असलेले बरे.